ई-मुलाकात : तुरुंगभेटीची सेवा, घरच्यांच्या बाजूने पाहिलेली

घरातले माणूस न्यायालयीन कोठडीत गेले की पहिले काही दिवस वकील, जामीन आणि पैसा यांच्याच धावपळीत जातात. त्याला भेटायचे कसे, हा प्रश्न थोडा उशिरा समोर येतो, पण आला की दुसरे काही सुचू देत नाही. कोणत्या वारी भेट होते, कोणते कागद न्यायचे, घरातल्या कोणाकोणाला आत सोडतात, हे सांगणारे माणूस सहसा ओळखीत नसते. असलेच तर लोकलज्जेपायी त्याला विचारवत नाही. म्हणून केंद्र सरकारच्या ‘ई-मुलाकात’ या सेवेबद्दल, आणि तिच्या जोडीला वापराव्या लागणाऱ्या प्रत्यक्ष मुलाखत (तुरुंगात जाऊन घेतलेली भेट), फोन, मनीऑर्डर व पत्र या सोयींबद्दल, घरच्यांना उपयोगी पडेल असे सविस्तर लिहीत आहे. माझा धाकटा भाऊ राज्यातल्या एका कारागृहात न्यायाधीन बंदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेला कैदी, आहे. खटला चालू असल्यामुळे त्याविषयी मी काही लिहिणार नाही, आणि कारागृहाचे नावही देणार नाही.

अशा सेवेची पारख कोणत्या कसोटीवर करायची, हे आधी सांगते. वेबसाइट झटपट उघडते की नाही, अर्ज सोपा आहे की नाही, या गोष्टी बाहेरच्यांच्या सोयीच्या आहेत. आत बसलेल्या माणसाचा आठवडा ‘आपले नाव पुकारले जाईल’ या एका गोष्टीवर उभा असतो. आज मुलाखतीचा वार आहे, घरचे येणार म्हणाले होते, म्हणून तो सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून तयार बसतो. नाव पुकारले गेले नाही तर का पुकारले गेले नाही, हे कळायला त्याच्याकडे कसलाही मार्ग नसतो. एसटी चुकली, आई आजारी पडली, अर्ज नामंजूर झाला की घरच्यांनी आपल्याला सोडून दिले, हे सगळे पर्याय त्याच्यासाठी सारखेच खरे असतात. म्हणून जी सोय ठरलेला दिवस पाळते ती चांगली, एवढीच माझी कसोटी आहे, आणि पुढचे सगळे मत त्याच कसोटीवरचे आहे.

ई-मुलाकात ही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उभारलेल्या ई-प्रिझन्स या व्यवस्थेतली नागरिकांसाठीची खिडकी आहे. २०२० मध्ये करोनामुळे तुरुंगातल्या प्रत्यक्ष भेटी थांबल्या, तेव्हा व्हिडिओवरून भेटण्याची पद्धत ठिकठिकाणी रुजली आणि साथ ओसरल्यावरही ती टिकून राहिली. अर्जात भेटायला येणाऱ्याची माहिती आणि ज्याला भेटायचे त्याची माहिती असे दोन भाग आहेत. राज्य, कारागृह, भेटीची तारीख, बंद्याशी असलेले नाते, ओळखपत्राचा तपशील आणि भेट प्रत्यक्ष हवी की व्हिडिओवर, हे त्यात भरावे लागते. आलेला ओटीपी टाकला की नोंदणी क्रमांक मिळतो, आणि पुढे त्या क्रमांकावरून अर्ज मंजूर झाला की अजून पडून आहे हे पाहता येते. सोबत येणाऱ्या घरच्या माणसांची नावेही त्याच अर्जात जोडता येतात. ही सेवा पूर्णपणे मोफत आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या तालुक्याच्या गावात एका सेवा केंद्रवाल्याने हाच अर्ज भरून देण्याचे ‘सरकारी शुल्क’ म्हणून आईकडून पैसे घेतले होते. अर्ज भरून देण्याच्या कष्टाचे पैसे कोणी मागितले तर तो वेगळा हिशेब आहे. परंतु सरकारी शुल्क असे काही नाही.

अर्ज भरताना सगळ्यात जास्त काळजी नावाची घ्यावी लागते. घरी आपण ज्या नावाने हाक मारतो, आधार कार्डावर जे नाव असते आणि पोलिसांनी अटकेच्या कागदावर जे लिहिलेले असते, त्या तिन्हींत फरक असू शकतो, आणि तुरुंगाच्या नोंदवहीत कोठडीच्या आदेशावरचेच नाव चढते. आमच्याकडे वडिलांचे नाव इंग्रजीत लिहिताना पोलीस ठाण्यातून एक अक्षर जास्तीचे पडले होते, आणि ते तसेच सगळीकडे चालत आले आहे. तेव्हा वकिलांकडून कोठडीच्या आदेशाची प्रत मागून घ्यावी आणि त्यावर जसे असेल तसेच नाव, वडिलांचे नाव व वय अर्जात टाकावे. दुरुस्ती करण्याच्या भानगडीत पडू नये. बंदी क्रमांक पहिल्याच भेटीत विचारून घ्यावा आणि घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलमध्ये लिहून ठेवावा, कारण मनीऑर्डर, पत्र, वकीलपत्रावरची सही, प्रत्येक कामाला पुढे तोच लागतो.

व्हिडिओवरची भेट आमच्यासाठी मोठा आधार ठरली, हे मी मनापासून सांगते. आईचे गुडघे रात्रीच्या एसटीत सहा तास बसण्याच्या अवस्थेत नाहीत. तिकिटाचा प्रश्न थोडा हलका झाला आहे, कारण मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. पण गुडघे, बुडालेली रोजंदारी आणि मागे घरी दूध कोण काढणार, हे प्रश्न तिकिटाने सुटत नाहीत. पहिल्या व्हिडिओ भेटीत आईने फोन सवयीप्रमाणे सरळ कानाला लावला. तिकडे भावाला पडद्यावर फक्त तिचा कान, कानातली कुडी आणि पांढरे झालेले केस दिसत होते, आणि तो ‘आई, फोन समोर धर, तोंड दिसू दे’ असे म्हणत राहिला. तिला ऐकू येत होते, पण फोन कानापासून दूर धरला तर आवाज जाईल या भीतीने ती तो हलवायला तयार होईना. शेवटी मी फोन काढून खिडकीच्या चौकटीला टेकवून ठेवला. तेव्हापासून आमच्याकडे भेटीच्या आधी फोन त्या चौकटीत लावून, उजेड समोरून येईल असे पाहून, आईला पाच मिनिटे आधीच पुढ्यात बसवले जाते. वयस्कर माणसे असलेल्या प्रत्येक घराने आदल्या दिवशी आपसांत एकदा असा सराव करावा, कारण मिळालेली मिनिटे मोजकी असतात आणि ‘ऐकू येतंय का’ यातच त्यातली निम्मी सरतात.

व्हिडिओचा एक फायदा प्रत्यक्ष भेटीलाही नाही, तो म्हणजे घर दाखवता येते. भावाने पहिल्यांदा काय पाहायला मागितले असेल, तर गोठा. त्याच्या अटकेनंतर व्यायलेली गाय आणि तिची कालवड त्याने पाहिलीच नव्हती. मी फोन घेऊन गोठ्यात गेले, रेंज गेली, परत आली, आणि उरलेल्या वेळात तो फक्त कालवडीच्या कपाळावरच्या टिकल्याबद्दल बोलला. त्या भेटीत ना वकिलाचा विषय झाला ना तारखेचा, आणि तरीही ती भेट वाया गेली असे मला वाटले नाही.

आता तक्रार. अर्ज मंजूर झाला की नाही हे मला मोबाइलवर कळते, पण आमच्या कारागृहात ते माझ्या भावाला कळत नाही. त्याला बराकीतून बोलावतात तेव्हाच भेट असल्याचे समजते. एका आठवड्यात आमची मंजूर झालेली व्हिडिओ भेट ऐन वेळी रद्द झाली. मी दुपारभर पडद्यासमोर बसून होते, आणि तो आत वाट पाहून शेवटी आईचेच काही बरेवाईट झाले असावे या समजुतीत दोन दिवस जेवला नाही, असे पुढच्या भेटीत कळले. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता; त्या दिवशी न्यायालयातल्या ऑनलाइन हजेऱ्यांसाठी तीच खोली आणि तीच यंत्रे लागत होती, असे नंतर सांगण्यात आले. देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० बंदी होते, त्यांतले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे चारांतले तीन जण अजून दोषी ठरलेले नव्हते. एवढ्या माणसांच्या तारखा आणि एवढ्या घरांच्या भेटी मोजक्या पडद्यांवर बसवायच्या, तर ओढाताण होणार हे मी समजू शकते. परंतु मंजूर भेटींची यादी आदल्या संध्याकाळी बराकीत वाचून दाखवायला आणि रद्द झालेल्या भेटीचा निरोप बंद्याला द्यायला नवे यंत्र लागत नाही, एक कागद आणि एक माणूस लागतो. ही मागणी मी कारागृहाच्या अधीक्षकांकडे लेखी दिली आहे, आणि ज्यांना असाच अनुभव येतो त्यांनीही ती शांतपणे, लेखी द्यावी असे मला वाटते.

प्रत्यक्ष मुलाखतीचे स्वरूप ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना सांगते. खिडकीवर ओळखपत्र दाखवायचे, फोटो काढून घ्यायचा, मोबाइल आणि पिशवी जमा करायची, झडती द्यायची आणि मग आपला क्रमांक येईपर्यंत बाकावर बसायचे. आतल्या खोलीत मधे जाड काच असते, दोन्ही बाजूंना इंटरकॉमचे रिसीव्हर असतात, आणि शेजारच्या चार घरांची बोलणी आपल्या बोलण्यात मिसळत असतात. आमच्या वाट्याला आलेल्या एका रिसीव्हरची वायर सैल होती. ती एका विशिष्ट कोनात धरली तरच आवाज यायचा, म्हणून वहिनीने एका हाताने वायर आणि दुसऱ्या हाताने मुलीला उचलून धरले होते. ऑनलाइन नोंदणीमुळे पहाटेपासून रांगेत उभे राहणे आमच्यापुरते संपले, हा या सेवेचा निर्विवाद गुण आहे. खिडकीवर नोंदणी क्रमांक सांगितला की काम पुढे सरकते. तरीसुद्धा छापील प्रत जवळ ठेवावी, कारण मोबाइल जमा केल्यानंतर त्यातला क्रमांक दाखवता येत नाही.

कपडे द्यायचे असतील तर नाडीऐवजी इलॅस्टिक असलेली विजार न्यावी. आमच्या इथे नाडीची विजार परत आली आणि इलॅस्टिकची गेली. काय चालते आणि काय नाही याची यादी कारागृहागणिक वेगळी असते, म्हणून पहिल्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊन दारावर नीट विचारून घेणे हे सामान वाहून नेऊन परत आणण्यापेक्षा बरे. घरचा डबा मात्र न्यायालयाच्या आदेशाशिवाय आत जात नाही, याची आईच्या मनाची तयारी आधीच करून ठेवावी लागते.

व्हिडिओची सोय झाली म्हणून प्रत्यक्ष जाणे बंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पडद्यावर चेहरा दिसतो. पण माणूस किती वाळला आहे, चालताना पाय ओढतो का, मानेवर खरजेचे चट्टे आहेत का, हे समोर उभा राहिल्याशिवाय कळत नाही. भावाच्या त्वचेचा त्रास आम्हाला काचेपलीकडूनच दिसला, त्याने स्वतःहून तो कधी सांगितला नव्हता. आम्ही वकिलांमार्फत अर्ज केला आणि औषध सुरू झाले. त्यामुळे आई व्हिडिओवर आणि घरातले एक जण अधूनमधून प्रत्यक्ष, अशी वाटणी आम्ही केली आहे. कोणत्याही भेटीत खटल्यातल्या घटनांबद्दल, साक्षीदारांबद्दल अवाक्षर बोलू नये. ते बोलणे वकिलाशीच करायचे असते, कारण घरच्यांच्या भेटीवर कारागृहाची देखरेख असते.

भेट ही कोणाची मेहरबानी नाही, हेही माहीत असलेले बरे. फ्रान्सिस कोराली मलिन यांच्या १९८१ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घरच्यांना आणि वकिलाला भेटणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या स्थानबद्ध होत्या आणि घरच्यांना महिन्यातून एकदाच भेटू देण्याचा नियम त्यांना लावला होता. तो न्यायालयाने टिकू दिला नाही. खिडकीवर हुज्जत घालण्यासाठी हे वाक्य वापरू नये, त्याने आतल्या माणसाला त्रासच होण्याची शक्यता जास्त. मात्र भेट सातत्याने नाकारली जात असेल तर वकिलांमार्फत न्यायालयात अर्ज करण्याचा पाया हाच आहे.

फोनची सोय ही अलीकडच्या काळातली सगळ्यात चांगली सुधारणा आहे. येरवड्याला २०२३ मध्ये स्मार्ट कार्डवर चालणारे फोन बसले आणि पुढे ही सोय इतर कारागृहांतही गेली. आधी नोंदवून, पडताळून घेतलेल्या क्रमांकांवरच बंद्याला फोन करता येतो, बोलणे मोजक्या मिनिटांचे असते, आणि आपल्याकडून उलट फोन लागत नाही. म्हणून अनोळखी क्रमांक न उचलण्याची सवय घरातल्या सर्वांनी सोडावी. नोंदवलेले सिमकार्ड बदलू नये, रिचार्ज संपू देऊ नये, आणि तो क्रमांक ज्याच्याकडे आहे त्याने फोनच्या वेळी गाडी चालवू नये की शेतात फोन ठेवून पाणी धरायला जाऊ नये. माझ्या कसोटीवर फोन पहिल्या क्रमांकाचा आहे, कारण त्यात पुढाकार आतल्या माणसाच्या हातात असतो. इतर सगळ्या सोयींत तो वाट पाहणारा असतो, इथे तो स्वतः क्रमांक फिरवतो.

पैशांबद्दल थोडक्यात. कॅन्टीनमधून साबण, टूथपेस्ट, बिस्किटे, फरसाण घेण्यासाठी बंद्याच्या खात्यावर पैसे लागतात, आणि ते पाठवण्याचा जुना, खात्रीचा मार्ग पोस्टाची मनीऑर्डर. तिचे कमिशन २० रुपयांना १ रुपया, म्हणजे हजाराला ५० रुपये पडते. महिन्याला किती रक्कम घेता येते याची मर्यादा असते व ती वेळोवेळी बदलते, म्हणून चालू आकडा मुलाखतीच्या खिडकीवरच विचारावा. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला थोडी रक्कम पाठवणे हे एकदम मोठी पाठवून मग चार महिने काहीच न पाठवण्यापेक्षा चांगले; पैसे आले यातून घरचे ठीक आहेत हेही त्याला कळते. तुरुंगाच्या दाराबाहेर ‘आत सगळी सोय करून देतो’ म्हणणारी माणसे भेटतात. आमच्याकडेही असे एक गृहस्थ आले होते, आणि बराकीचा अचूक क्रमांक सांगून त्यांनी आईचा विश्वास जवळजवळ मिळवला होता. अशा कोणालाही एक रुपया देऊ नये. ज्यांची वकील लावण्याची ऐपत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. कोठडीतल्या व्यक्तीला १९८७ च्या कायद्यानुसार मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक आहे. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून बंदी आणि त्यांच्या कुटुंबांबरोबर काम करतो. ज्यांच्या घरचा माणूस शिक्षा भोगत आहे त्यांच्यासाठी राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ रोजी येरवड्यातून सुरू केलेली ‘जिव्हाळा’ ही कर्ज योजना आहे. आत काम करून वेतन मिळवणाऱ्या बंद्याला ७ टक्के व्याजाने ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज घेऊन घरच्यांना हातभार लावता येतो.

लहान मुलांचा प्रश्न वेगळा आहे. माझी भाची चार वर्षांची आहे आणि काचेपलीकडचे बाबा तिला समजत नाहीत. ती काचेच्या मागे जायला दार शोधते. महाराष्ट्रातल्या कारागृहांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम होतो, ज्यात बंद्यांच्या मुलांना काचेशिवाय, जवळ बसून आईवडिलांना भेटता येते. तो रोजचा नाही, आणि कोणाला घ्यायचे हे कारागृह प्रशासन ठरवते, पण त्याची चौकशी प्रत्येक भेटीत करत राहावी. माझ्या मते ही सोय उपक्रम म्हणून अधूनमधून न होता, नोंदणीच्या अर्जातला एक नेहमीचा पर्याय म्हणून असायला हवी.

आणि पत्र. ऑनलाइन सेवेच्या परीक्षणात पोस्टकार्डाची शिफारस करणे विचित्र वाटेल, पण भेट आणि फोन दोन्ही संपल्यावर त्याच्या हातात काही उरत नाही, पत्र उरते. पोस्टकार्ड ५० पैशांना आणि आंतर्देशीय पत्र अडीच रुपयांना मिळते. पत्र अधिकारी वाचून मगच देतात, हे धरून लिहावे, आणि पत्त्यावर संपूर्ण नाव, वडिलांचे नाव, बंदी क्रमांक व बराक लिहावी. काय लिहायचे हा प्रश्न पडणाऱ्यांसाठी सांगते : ‘काळजी करू नकोस’ हे लिहू नका, कारण त्याने काळजी जात नाही. कांद्याला काय भाव मिळाला, विहिरीला पाणी किती आहे, शेजारच्या मुलीचे लग्न कुठे ठरले, मोटर जळाली तेव्हा कोणी दुरुस्त केली, हे लिहा. पत्रावर क्रमांक घाला, म्हणजे मधले एखादे पोचले नाही तर त्याला ते कळेल आणि घरच्यांनी लिहिलेच नाही असा गैरसमज होणार नाही. पुढची भेट कोणत्या तारखेला मागितली आहे तेही पत्रात लिहून, ‘मंजूर झाली तर’ हे शब्द आवर्जून जोडा. आम्ही हे सुरू केल्यापासून भेट हुकली तरी भाऊ उपाशी बसत नाही. त्याच्या उत्तरांत आता सूचना येतात : कालवडीला जंत झाले असतील तर कोणते औषध द्यायचे, बांधावरच्या कोणत्या झाडाच्या फांद्या तोडायच्या आणि कोणत्या नाही, आणि भाचीच्या शाळेचा दाखला कोणत्या पेटीत ठेवला आहे.